उलट्या आट्यांची डबी

५ ऑगस्ट २००७, देवास
चौथी डबी जमली. बाहेरून साडेदहा मि.मी., उंची चौदा. करंगळीच्या नखावर उभी राहते. पितळी. आत कागदाची गुंडाळी, बुडाला जुन्या सीडी ड्राइव्हमधल्या चुंबकाचा तुकडा. आधीच्या तिन्ही फाटल्या. भिंत पातळ होत आली की टूलचा आवाज बदलतो, तिथे हात थांबला पाहिजे. आज थांबला.
गणपत, लेथवरचा माझा जुना माणूस, म्हणाला, "सेठ, ये किस कंपनी का पुर्जा है?" म्हटलं, सँपल आहे. कोणासाठी ते सांगितलं नाही.

१२ ऑगस्ट, रवि.
चित्राचा हॉलंडहून फोन. दर रविवारी आईला करते. मी बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसतो. लेथवर लोकांचे कान जातात, माझे तयार झाले. रिसीव्हरच्या बाहेरचं सगळं ऐकू येतं.
"काल परत डबी शोधायला गेलो, आई. पुलाखाली अर्धा तास. बोराएवढी! आत कागद असतो, सही करायची आणि होती तिथे ठेवून द्यायची."
"आणि मिळतं काय?"
"काही नाही गं."
दोघी हसल्या. मेपासून हाच विषय. कोणीतरी लपवायची, जागेचे अक्षांश-रेखांश साइटवर टाकायचे, जगातल्या कोणीही शोधायची. तेव्हाच मनात म्हटलं, लपवणारा देवासचाही असू शकतो.
डिसेंबरात येतेय, थॉमसला घेऊन. धारला सुमनमावशीकडे उतरणार. दहा दिवस. देवासचं नाव काढलं नाही.
दोन वर्षं झाली तिच्या लग्नाला. मी गेलो नाही. जावई केरळचा, हे कारण नव्हतं असं सगळ्यांना सांगतो. त्या दिवशी वर्कशॉपात नवं मशीन उतरायचं होतं. दुसऱ्या दिवशीही उतरलं असतं.

२ सप्टेंबर, मांडू
आणखी दोन जमल्या. पहिली आज लावली. जुन्या दगडांना हात लावायचा नाही हे घरूनच ठरवून निघालो होतो. दालबाफल्याच्या टपरीपुढे हँडपंप आहे, त्याच्या दांड्याखाली चिकटवली. सर्व्हेवाल्या दोस्ताचं उपग्रहाचं यंत्र उसनं आणलंय, त्यावर आकडे घेतले. साइटवर माझं नाव ‘मालवा १४’. खरं नाव देतंय कोण.
निघालो, परत फिरलो, बघितलं. घाटापर्यंत गेलो, परत. टपरीवाला म्हणे, "कुछ गिर गया क्या, दादा?"

२३ सप्टें.
दुसरी धारला, सुमनच्या घरामागच्या तलावाच्या रेलिंगला. सुमनकडे चहा घेतला. मेव्हणीला नवल, कधी नव्हे ते एकटा कसा आलो. म्हटलं पीथमपुरला काम होतं. पीथमपुर वाटेवर आहे, खोटं निम्मंच.

१४ ऑक्टोबर
तिसरी कुठे, यात दोन रविवार गेले. शेवटी आमच्याच फाटकाला. बिजागरीच्या मागे, बाहेरच्या अंगाने.

१८ नोव्हेंबर
सायबर कॅफेवाल्या राजूने मेल वाचून दाखवला. मांडूला एक जर्मन जोडपं येऊन गेलं. डबी सापडली, झाकण जाम, सही करता आली नाही. साइटवाल्यांची सूचना: दुरुस्त करा, नाही तर युक्ती लिहा. २० डिसेंबरनंतर यादीतून काढू.
जाम कसली. आटे उलटे आहेत. जितकं उघडायला जाल तितकं घट्ट बसतं.
राजू: "भिया, उल्टी चूड़ी डाली ही क्यों? खोलेगा कौन?"
येता-जाता कोणी सहज उघडू नये म्हणून, असं सांगितलं. त्याला पटलं. मला नाही.
चित्रा आठ-नऊ वर्षांची असताना शाळेतून थेट वर्कशॉपात यायची. गॅस रेग्युलेटरचे नट वेगळे करून द्यायची. उलटे एका डब्यात, सुलटे दुसऱ्यात. डोळे मिटून, नुसत्या बोटांनी. एकही चुकायचा नाही.
युक्ती लिहिली तर कोणीही उघडेल. ती अठराला पोचते. मधे दोन दिवस मिळतात. नाही लिहीत.

१८ डिसेंबर
पोचली. फोन हिलाच. मागून थॉमसचा आवाज, पायऱ्यांवरून बॅग चढवताना धापा टाकत होता. हसरा वाटला.

२० डिसें.
कॅफेत तीन चकरा. संध्याकाळी तिची नोंद आली, मराठी पण इंग्रजी अक्षरांत: ‘मांडू. सापडली. उघडली. सही केली. उलटे आटे.’
एवढंच. राजूला परत वाचायला लावलं. "उतना ही है, भिया."

२२ डिसें.
धारचीही सापडली. ‘सही केली.’ आता एकच उरली.

२५ डिसें.
तीन दिवस वर्कशॉपात गेलो नाही. गणपतला सर्दीचं कारण. फाटक वाजलं की उठतो. पेपरवाला. शेजारचे जोशी. कुत्रं.
ही म्हणाली, "अहो, दूधवाला आहे. बसा."

२६ डिसें.
साइटवर देवासच्या डबीखाली तिची नोंद:
‘नकाशात ही एका राहत्या घराच्या फाटकावर दिसते. खासगी जागा असेल तर मालकाला विचारावं लागतं, असा नियम आहे. घरमालकाची परवानगी आहे का? तोवर मी हात लावणार नाही.’
नियम खराच आहे. मीच वाचला नव्हता.
राजूने हात कीबोर्डवर ठेवले. "हाँ लिख दूँ? एक मिनट का काम है." जवळजवळ हो म्हणालो होतो. मग म्हटलं, राहू दे.
घरी येऊन हिला सगळं सांगितलं. मांडू, धार, फाटक. ती भाजी निवडत होती, मान वर केली नाही.
"फाटकावरची मी दिवाळीची झाडलोट करताना बघितली. पुसून परत लावली."
"मग बोलली का नाहीस?"
"तुम्ही कुठे बोललात?"

२७ डिसें., सकाळ
उद्या त्यांचं इंदूरहून विमान. सातच्या बसने निघतोय. इंदूरला बदलून धारला पोचायला तीन तास.
हिने विचारलं, "मी येऊ?"
म्हटलं, ये. कोणीतरी बोलायला पाहिजे.
"मी नाही बोलणार. मी शेजारी बसेन."
स्वेटर घालून दारात उभी आहे. तीन तासांत एक वाक्य तयार व्हायला हवं. ‘परवानगी’ हा शब्द त्यात नको, एवढंच आत्तापर्यंत ठरलंय.