उजव्या पानावरची रिकामी जागा

प्रिय जोएल,

फोन तू उचलत नाहीस, मेसेजला उत्तर देत नाहीस, म्हणून हे हातानं लिहिलेलं पत्र. पाकिटावर माझं अक्षर बघून, घरी कुणी आजारी पडलं की काय या धास्तीनं तरी उघडशील. तर घरी सगळे ठणठणीत आहेत. मांजर जाड झालंय. पण हे पत्र शुक्रवारच्या आत तुला मिळालं नाही तर माझी काही खैर नाही. माझं एक वेळ सोड, बाबांचं जे होईल ते मला बघवणार नाही. झालंय असं, की माझं मासिक बाबांच्या हाती लागलंय आणि त्या मासिकात तू आहेस.

हुश्श. लिहिलं एकदाचं. सकाळपासून नुसतं खाली-वर चाललंय माझं. चहा केला तो निवून गेला, दुसरा केला तोही निवला. एका जागी बसवत नाही. आई म्हणाली, "तुझ्या पायाला भिंगरी लागलीय का? छत हलतंय." म्हणून आता तुझ्या खोलीत येऊन बसलेय. इथली फरशी करकरत नाही.

मासिक म्हणजे कॉलेजचं. मीडियाच्या वर्गात यंदा सगळ्यांना एकच काम होतं, आपापलं संगीताचं मासिक काढायचं. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि मधली समोरासमोरची दोन पानं, ज्यांवर एका कलाकाराची मुलाखत. नियम कडक. फोटो स्वतः काढलेले हवेत, शब्द स्वतःचे हवेत आणि कलाकार मनानं रचलेला हवा. खरा गायक घेतला की मार्क गेले. त्यामुळे आमच्या वर्गातलं प्रत्येक पोरगं कुणाच्या ना कुणाच्या मुखपृष्ठावर जगप्रसिद्ध झालेलं आहे. ओल्डहॅमच्या बसस्टँडमागची ती विटांची भिंत आठवते ना? सगळ्यांनी फोटो तिथंच काढले. गळ्यात हेडफोन, कपाळाला आठ्या, एक पाय भिंतीला. ही सगळी मासिकं कुणा परक्यानं एकत्र बघितली तर त्याला वाटेल, या देशातले सगळे संगीतकार एकाच भिंतीला टेकून राहतात. शेजारच्या डेक्लनला शिट्टीसुद्धा धड वाजवता येत नाही, तो कितीतरी मासिकांवर आहे. आता दूध आणायलासुद्धा तो आठ्या घालूनच जातो.

मला ती भिंत नको होती. खरं सांगायचं तर मला दुसरा कुणी कलाकार सुचतच नव्हता. तू गेलास त्या दिवशी मी बसथांब्यावर तुझा फोटो काढला होता, तोच लावला. पाठीला गिटार, कॉलर वर केलेली, आणि तू माझ्याकडे न बघता वर चर्चकडे, गावाच्या रस्त्याकडे बघतोयस. आमच्या मिस पिकप यांना फोटो आवडला पण पटला नाही. म्हणाल्या, "ब्रायनी, मुखपृष्ठावरच्या माणसानं वाचणाऱ्याच्या डोळ्यात बघायला हवं. हा कुठं बघतोय? ह्याच्या मागोमाग वाचणाराही निघून जाईल आणि मासिक दुकानातच पडून राहील. दुसरा काढ." मी म्हटलं, दुसरा निघणार नाही, मॉडेल गावात नाही. त्यांनी भुवया वर केल्या आणि पुढच्या मुलाकडे गेल्या. मासिकाचं नाव मी 'व्हॉल्व्ह' ठेवलं. तुझ्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्येही व्हॉल्व्ह असतो आणि बाबांच्या त्या भल्यामोठ्या पितळी युफोनियमलाही. हे मी कुणालाच समजावून सांगितलं नाही.

कलाकाराचं नाव नंतर ठरवू म्हणून मी तात्पुरतं तुझंच घातलं. आम्ही तसंच करतो. आधी पानावर काहीतरी टाकायचं, जागा किती खातंय ते बघायचं, मग खरा मजकूर घालायचा. पण नाव काही बदललं गेलं नाही. 'जोएल स्कोफील्ड' ही अक्षरं त्या फोटोखाली इतकी बरोबर बसत होती की दुसरं कुठलंही नाव घातलं की पान रुसायचं. मुलाखतीत मी तुला बर्लिनला पाठवलं, न्यूयॉर्कला पाठवलं, न्याहारीला तळलेले किपर मासे खायला घातले. ब्रिस्टलमध्ये तू खरं काय करतोस, गिटार अजून आहे की विकलीस, मला काहीच माहीत नाही, मग काय करू?

तू निघून गेलास त्याला तीन वर्षं होतील, पण या घरात तो व्हिट फ्रायडे, वर्षातून एकदा येणारा तो बँडस्पर्धेचा शुक्रवार, अजून संपलेला नाही. बँडची बस चर्चसमोर उभी, सगळे मरून रंगाचे कोट घालून आत बसलेले, आणि पहिल्या कॉर्नेटची, म्हणजे तुझी, जागा रिकामी. बँडमास्तर ट्रेव्हर सतत घड्याळ बघत होता. त्याला बिचाऱ्याला हातात छडी धरली की आधीच घाम फुटतो. बाबा युफोनियम मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होते. तू मँचेस्टरला तुझ्या गिटारवाल्या मित्रांबरोबर वाजवत होतास हे फक्त मला माहीत होतं, आणि मी तोंड शिवून बसले होते. त्या संध्याकाळी बाबांचा बँड गावोगाव तुझ्याशिवाय वाजवत फिरला. परीक्षक बंद कॅरॅव्हॅनमध्ये पडदे लावून बसलेला असतो, त्याला कुठला बँड आहे ते कळू नये म्हणून. पण कॉर्नेट नाही हे काय त्याला कळणार नाही? दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात बाबा म्हणाले, "जा, वाजव जा तुझे डबे." तू म्हणालास, "चाळीस वर्षं तेच ते मार्च वाजवून तुम्ही कुठं पोचलात? डेल्फपर्यंत!" डेल्फ. बसनं दहा मिनिटं. मला तेव्हा हसू आलं होतं रे, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

तर ती दोन पानं. सगळं लावून झालं आणि उजव्या पानाचा शेवटचा कॉलम खाली आठ-दहा ओळी कमी पडला. पांढरंफटक पान. मिस पिकप म्हणाल्या, "इथं लिहिणारी दमून झोपी गेली असं वाटतंय. भर ते." मी वैतागले होते. छापायला त्याच दुपारी द्यायचं होतं. मनात येईल ते भराभर टाइप केलं. काय लिहिलं ते तुला जसंच्या तसं सांगते: "खरं सांगायचं तर मी घरापासून फार लांब गेलेलोच नाही. दर व्हिट फ्रायडेला मी गुपचूप गावात येतो. हॅरॉपच्या चिप्सच्या दुकानाच्या भिंतीआड, कचऱ्याच्या डब्यांपाशी उभा राहतो आणि बाबांचा बँड जाईपर्यंत ऐकतो. सगळ्या बँडमध्ये बाबांचं युफोनियम मला वेगळं ऐकू येतं. मग कुणाला न भेटता शेवटच्या बसनं निघून जातो." कॉलम बरोबर तळाला टेकला. पण डाव्या पानावर मुलाखतीतलं एखादं वाक्य मोठ्या अक्षरांत टाकायचं असतं, चाळणाऱ्याची नजर अडकावी म्हणून. बर्लिनचं वाक्य घालून बघितलं, न्यूयॉर्कचं घालून बघितलं, सगळी फुसकी निघाली. शेवटी युफोनियमचं टाकलं. जाड, मरून रंगात.

बाबा चष्म्याशिवाय काही वाचत नाहीत, तुला माहीत आहे. पण हे वाक्य चष्म्याशिवाय दिसतं. छापून आलेली प्रत मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कडा कापायला ठेवली होती. मी खाली आले तर बाबा ती हात लांब करून धरून उभे होते. चहाची किटली दुसऱ्या हातात तशीच. मग किटली खाली ठेवली, चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता, आणि उभ्या-उभ्याच शेवटचा कॉलम वाचला. बर्लिन-न्यूयॉर्क त्यांनी वाचलं असेल असं मला वाटत नाही. वाचलं असतं तर ही सगळी थाप आहे हे त्यांना तिथंच कळलं असतं. ते म्हणाले, "कधी बोललीस त्याच्याशी?" माझ्या तोंडात टोस्ट होता, जोएल. मी "हं" केलं. नुसतं "हं". म्हणजे काय विचारताय, असं म्हणायचं होतं मला. त्यांनी मान हलवली, पुन्हा पानाकडे बघितलं आणि विचारलं, "डब्यांच्या कुठल्या बाजूला?" त्यांचा चेहरा तू बघायला हवा होतास. टोस्ट गिळून खरं सांगायची हिंमत मला झाली नाही. मी म्हटलं, "भिंतीच्या." ते म्हणाले, "तिथं घाण वास येतो." आणि कामाला निघून गेले.

तेव्हापासून ते बदललेत. म्हणजे फार काही नाही. संध्याकाळी जिन्याखाली बसून सराव करताना पूर्वी दार ओढून घ्यायचे, आता उघडं ठेवतात. परवा जेवताना मधेच म्हणाले, "डेल्फ काही इतकं वाईट नाही," आणि एकटेच हसले. आईनं काटा खाली ठेवला. तीन वर्षांत त्या भांडणातला एक शब्द त्यांनी काढला नव्हता. अजून एक गोष्ट तुला ठाऊक नाही. बाबांचे पुढचे दात हलायला लागलेत. जुलैमध्ये ते काढणार. त्यानंतर युफोनियम संपलं, ओठांना टेकाच राहणार नाही. ट्रेव्हर म्हणाला, "पुढच्या वर्षी तुला मोठा ढोल देऊ, त्याला दात लागत नाहीत." बाबा म्हणाले, "अक्कलही लागत नाही, म्हणून तुलाच देऊ." सगळे हसले. पण येत्या शुक्रवारचा हा शेवटचा व्हिट फ्रायडे आहे त्यांचा, पोटाशी ते वाद्य धरून चालण्याचा.

आईला मी फसवू शकले नाही. तिनं मासिक वाचलं, शांतपणे मिटलं आणि मला न्हाणीघरात गाठलं, दात घासत होते तिथं. म्हणाली, "जोएल जन्मात कधी 'खरं सांगायचं तर' म्हणालाय का? ते तू म्हणतेस. आणि थाप मारायच्या आधीच म्हणतेस." मी फेसभरल्या तोंडानं रडायला लागले. तिनं टॉवेल दिला. "त्याच्याबद्दल तू लिहिलंस ते मला आवडलं," ती म्हणाली, "पण तो तिथं नसेल तर तुझ्या बाबांना ते आणखी एकदा बसमध्ये त्याची वाट बघत बसवल्यासारखं होईल. काय निस्तरायचं ते तू निस्तर." स्टँप तिनंच दिलाय. सर्वात लवकर पोचणारा.

मी बाबांना सांगायचं ठरवलं होतं. शप्पथ. रविवारी सरावानंतर बँडच्या खोलीबाहेर त्यांची वाट बघत थांबले होते, वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. खिडकी उघडी होती आणि आत ट्रेव्हर बाबांवर वैतागलेला ऐकू आला. "अरे पण का? तुझी जागा उजवीकडची, तुझ्या वडिलांचीही तीच होती. रांग कशाला मोडायची? सगळ्यांची पावलं चुकतील." बाबा म्हणाले, "चुकू देत. मला या वर्षी डाव्या बाजूला चालायचंय." ट्रेव्हरनं पुन्हा का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "हवा चांगली असते तिकडे." डाव्या बाजूला काय आहे ते तुला माहीत आहे. हॅरॉपचं दुकान आहे, भिंत आहे आणि ते वास मारणारे डबे आहेत. मी माझं जुळवलेलं वाक्य घेऊन घरी पळत आले.

म्हणून हे पत्र लिहितेय. तुझ्याकडे माफी मागायला नाही, आणि तू मागावीस म्हणूनही नाही. तुला वाजवायचं नाही, कोट घालायचा नाही, बोलायचंसुद्धा नाही. शेवटची बस पकडून परत जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही. फक्त शुक्रवारी संध्याकाळी त्या भिंतीपाशी उभा राहा, आणि फोटोत बघतोयस तसाच वर चर्चकडे बघ. तू आला नाहीस तर शनिवारी सकाळी मी बाबांना सांगेन, की उजव्या पानावर जागा रिकामी राहिली होती म्हणून मी ती भरली. या खेपेला तोंडात टोस्ट नसेल. पण जोएल, त्याआधी शुक्रवार आहे, आणि वाजवत वाजवत रस्ता उतरताना बाबा दुकानाच्या बाजूला मान वळवणार आहेत. बाबा डावीकडून चालणार आहेत.

तुझीच,
तुझ्या खोलीत न विचारता बसलेली,
ब्राय