मोठ्ठा आ कर

७ ऑक्टोबर
आले बाई एकदाची! तळोद्याहून जीपनं हाडं खिळखिळी केली, पण खिडकीतून अख्खा सातपुडा दिसतो. आजपासून मी या डोंगरातल्या आश्रमशाळेत मुलींची अधीक्षिका. स्वयंपाकीण फुलीबाईनं अंबाडीची भाजी आणि गरम भाकरी वाढली. पहिलीतली रिना तर माझा पदरच सोडेना. गोड पोर!

९ ऑक्टोबर
रिनाचा घसा दुखतोय. फुलीबाई सगळ्या मुलींना कसलासा काढा पाजते. ‘काय शे त्यात?’ असं अहिराणीत विचारलं तर नुसती हसली. मला नाही आवडलं ते हसणं. आता रोज प्रार्थनेनंतर मी सगळ्यांचे घसे बघणार. मोठ्ठा आ करायचा, माझ्या स्टीलच्या चमच्यानं जीभ दाबायची, चमचा पदराला पुसला की पुढची.

१३ ऑक्टोबर
रिनाच्या घशात करडा पापुद्रा आलाय. जरा खरवडला तर रक्त! मान सुजलीय. आणखी दोघी तापल्या, तिघींनीही काढा प्यालेला. मी काय दुधखुळी आहे? काढा बंद केला. फुलीबाई रडली. रडेना का!

१६ ऑक्टोबर
काढा नाही, तरी आणखी चौघी. म्हणजे ही चोरून काहीतरी घालतेय. तिची मडकी धुंडाळली, मीठ-मिरचीच निघाली. घसे आता संध्याकाळीही बघते.

१७ ऑक्टोबर
खापर गावाहून डॉक्टर आले. घटसर्प म्हणाले. जंतू घशातच बसतो, पण त्याचं विष रक्तात उतरतं आणि हृदय धरतं. रिनाला दवाखान्यात नेलं, बाकीच्यांना औषध दिलं. सगळ्यांच्या तोंडात जाणारी एकच वस्तू आहे का, असं त्यांनी विचारलं. मी फुलीबाईच्या काढ्याकडे बोट दाखवलं. पण काढ्यासाठी तर प्रत्येकीची आपापली वाटी आहे, हे मला ठाऊक होतं.
चमचा माझ्या मुठीत होता. तो पदराआड धरला. मागच्या उकिरड्यावर फेकला.

२१ ऑक्टोबर
रिनाचा घसा मोकळा झाला म्हणे! देवापुढे साखर ठेवली.

२२ ऑक्टोबर
रिना गेली. घसा बरा होता. उठून बसली, पाणी मागितलं आणि हृदय —
मीच. मीच गं माझी बाय.

२४ ऑक्टोबर
मुली सकाळी रांगेत उभ्या राहतात. कुणी सांगितलं नाही. तोंडं उघडून — नको म्हटलं तरी —
डॉक्टरांना सांगायला हवं. उद्या.

२५ ऑक्टोबर
ताप. आवाज फुटत नाही. आरशात आ केला — मागे करडं —
फुलीबाईनं काढा पाजला. राग नाही तिच्या मनात. चमच्या-चमच्यानं —
लखलखीत चमचा. स्टीलचा. उकिरड्यावर सापडला, चांगला होता म्हणून घासून घेतला, म्हणते —
पदराला पुसला. बाहेर गेली. रांग उभी आहे, सगळ्यांची तोंडं —
फुलीबाई — आवाज नाही — फुली