उलट्या केसांचं गवत

॥ श्री ॥
कळंब, कार्तिक शु. ७, शके १८५०

तीर्थस्वरूप येसाजीदादांस, धाकट्या बहिणीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल असं लिहायची रीत, म्हणून लिहिते. माणसं खुशाल आहेत. बैल नाहीत. दिवाळी सरली आणि आमच्या तांबड्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली, हिरड्या सुजल्या. मग सदूभावोजींच्या जोडीची तीच गत, मग शेजारच्या धाकलूच्या. वैरणीला तोंड लावतात आणि मागे सरतात. मळणी तोंडावर आली, पण खळ्यात फिरवायला एक बैल धड नाही.

गावाचं मात्र सगळं ठरून गेलं आहे. ठाकूरवाडीची चिमा यंदा आमच्या माळावर गवत कापायला होती. एकेक कणीस बोटांतून ओढायची आणि ओठ हलवायची. सासूबाईंनी ते पाहिलं आणि त्याच पावली तिला हाकलली. बाईनं गवतावर करणी केली, असं आता जो तो म्हणतो. अमावास्येला बैठक आहे. मागे अशाच एका बाईला नदीपलीकडे काढून दिली, ती पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडली नाही.

दादा, माझ्या बाळंतपणात हीच चिमा माझी पाठ धरून बसली होती. मला फार भीती वाटते. तुम्ही मला अक्षरं शिकवलीत, आता थोडी अक्कलही पाठवा, टपालानं चालेल. वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा.
आपली, अंबू

॥ श्री ॥
खालापूर, कार्तिक शु. १२

चि. सौ. अंबूस अनेक आशीर्वाद.

अक्कल जड असते, टपालाचं हशील परवडायचं नाही, म्हणून थोडीच पाठवतो. बैलांचे खूर पाहा. खुरांत जखमा असतील तर तो लाळ्याखुरकूत, त्याला करणी लागत नाही. खूर धड असतील तर वैरण चिवडून बघ. आणि चिमाला जाऊन विचार, बाई, तू करत काय होतीस? सारा गाव तिच्याबद्दल बोलतो आहे, पण तिच्याशी कोणी बोललं असेल असं वाटत नाही.

तुझी वहिनी म्हणते की पूर्वी काजव्यालाही भिणारी अंबू आता गावाला भिते, म्हणजे मोठी झाली. भाचीला पापा. प्रेम वाढतं ठेव.
तुझा, दादा

॥ श्री ॥
कळंब, कार्तिक व. ४

तीर्थस्वरूप दादांस, शि. सा. न. वि. वि.

खूर स्वच्छ आहेत. मग सरपणाचं निमित्त करून चिमाकडे गेले. ती आधी दार लावू लागली. मग तिनं कुडाजवळची दोन कणसं उपटून माझ्या हातात ठेवली. दोन्ही राळ्यासारखी, केसाळ, मला तर जुळी वाटली. तिनं एक कणीस माझ्या बोटांतून बुडाकडून शेंड्याकडे ओढायला लावलं, ते रेशमासारखं निघून आलं. दुसरं तसंच ओढलं तर कातडीलाच धरून बसलं. चिमा म्हणाली की बाय, हा चिकटा, याचं केस उलटं, गुराच्या हिरडीत घुसलं की निघायचं नाय. माळावर यंदा तोच माजला होता. ती तो निवडून टाकत होती आणि स्वतःशीच म्हणत होती, हा नको, हा नको. तेच आमच्या लोकांना मंत्र वाटले.

तिला हाकलल्यावर गड्यांनी सगळं सरसकट कापून गंजीत रचलं. घरी येऊन मी तांबड्याचा ओठ उलटून पाहिला, तर हिरडीत केसांचे झुबके रुतलेले. आणि धाकलूनं, भावोजींनी वैरण नेली ती आमच्याच गंजीतली.

हे मी यांना सांगितलं. हे म्हणाले की पुन्हा हा विषय काढू नकोस. गावाची गुरं आपल्या गंजीनं नासली असं कळलं तर या घराला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, आणि ठाकरीण काय, कुठेही पोट भरेल. दादा, यांना सगळं पटलं आहे. मला भीती वाटते ती त्याचीच.

माझं कोणी ऐकणार नाही, तुम्ही शाळेचे मास्तर, तुमचं ऐकतील. अमावास्येच्या आत या. माया पातळ होऊ देऊ नये.
आपली, अंबू

॥ श्री ॥
खालापूर, कार्तिक व. ९

चि. सौ. अंबूस आशीर्वाद.

पत्र वाचून मन उदास झालं. पण शाळेची तपासणी नेमकी अमावास्येलाच आली आहे, साहेब येणार, मला हलता येत नाही. ती आटोपली की येतोच. बैठका एका दिवसात संपत नाहीत. तोवर तू घराविरुद्ध बोलू नकोस, तुला तिथेच नांदायचं आहे. जिवाला जप.
तुझा, दादा

॥ श्री ॥
कळंब, मार्गशीर्ष शु. ६

तीर्थस्वरूप दादांस, शि. सा. न. वि. वि.

बैठक एका दिवसात संपली. हे पहिल्या रांगेत बसले होते आणि एक शब्द बोलले नाहीत. चिमाचं छप्पर ओढून पाडलं. पोराला पाठीशी बांधून ती घाटाकडे गेली. जाताना आमच्या अंगणाकडे पाहिलं, मी दाराआड होते.

दुसऱ्या दिवशी यांनी गंज पेटवून दिली, बाधलेली वैरण नको म्हणून. गुरांना भाताचा पेंढा सुरू झाला आणि बैल हळूहळू खाऊ लागले. आता गाव म्हणतं, बघा, बाई गेली आणि बैल सुधारले. देवळात नारळ फुटले. यांनीही फोडला.

परवा बांधावर बसले असताना माझ्या हातात कणीस कधी आलं ते मलाच कळलं नाही. बोटांतून ओढून पाहिलं, टाकलं, दुसरं घेतलं, आणि तोंडानं हा नको, हा नको चाललं होतं. मान वर केली तर सासूबाई उभ्या. तशाच मागे फिरल्या. तेव्हापासून माझ्या हातचं पाणी घेत नाहीत आणि मुलीला माझ्याजवळ निजू देत नाहीत.

त्या बांधावर चिकटा अजून उभा आहे. काल गड्यानं तांबड्याला तिथेच बांधलं. आज सकाळी त्याच्या तोंडातून पुन्हा लाळ गळत होती. सगळं घर गोठ्यात जमलं. सासूबाई बैलाकडे पाहत नव्हत्या, माझ्या बोटांकडे पाहत होत्या. मग त्यांनी वळून यांच्याकडे पाहिलं, आणि यांनी मान खाली घातली.

या वेळी लोभ असू द्या असं लिहीत नाही. तपासणी असली तरी या.
अंबू