क्रिस्टाचं मनगट

प्रिय जॅनेल,

सकाळपासून बर्फ पडतंय, खिडकीतून मिसिसिपी नदी दिसेनाशी झाली आहे. सरावाला अजून अवकाश आहे, म्हणून जिममध्ये एकटीच बसले आहे. वरच्या झरोक्यांतून दुधासारखा उजेड खाली उतरतोय, आणि सारखं वाटतंय, आत्ता दार ढकलून तू येशील, वेणी घट्ट करशील आणि हात पुढे करून चेंडू मागशील.

काल माझ्या संघातल्या पोरींना आपल्या वेळचं बास्केटबॉल सांगत होते. संघात सहा जणी. तिघींनी फक्त बास्केट करायचे, तिघींनी फक्त अडवायचं, आणि मधली रेघ कुणीही ओलांडायची नाही. त्यांना खरंच वाटेना. एकीने विचारलं, "म्हणजे कोच, अख्ख्या शाळेत तुम्ही एकही बास्केट केला नाही?" नाही केला, म्हटलं. चेंडू हिसकावून रेघेपर्यंत आणायचा, पलीकडे जॅनेलकडे द्यायचा आणि कमरेवर हात ठेवून बघत राहायचं. खूप हसल्या. पण ते बघत राहणं किती सुंदर होतं, हे त्यांना कसं सांगू? तुझ्या हातून चेंडू सुटला, की सगळं गाव श्वास रोखून धरायचं. राज्य स्पर्धेला आपण राजधानीत, डे मॉइनला गेलो, तेव्हा गावात गाईंचं दूध काढायला माणूस उरला नव्हता. अजून कधीकधी स्वप्नात तो चेंडू वर जातो आणि वरच राहतो.

कॉलेजचे लोक तुला संघात घ्यायचं म्हणून तुझा खेळ बघायला आले होते. त्याच वसंतात तुझे वडील ट्रॅक्टरखाली सापडले आणि मक्याची पेरणी तुझ्या अंगावर पडली. तुझी जागा रिकामी राहिली, म्हणून त्यांनी मला नेलं. यावर आपण कधीच बोललो नाही. ना तुझ्या लग्नात, ना तुझ्या लेकीच्या, क्रिस्टाच्या बाप्तिस्म्याला. तिथे खेळ पाच जणींचा होता, आणि सगळ्यांनी सगळीकडे धावायचं. पहिल्यांदा मधली रेघ ओलांडली, तेव्हा कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं वाटलं. नेम धरायला मी तिथे शिकले, तुझं मनगट आठवून आठवून.

कॉलेज संपल्यावर नोकरीसाठी नेब्रास्का, मग डकोटा. सहायक कोच म्हणजे पोरींचे कपडे धुवायचे, गाडी हाकायची आणि कोण घरच्या आठवणीने रडतंय ते ओळखायचं. सरळसोट रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेला मका आणि मागे पेंगणाऱ्या पोरी. माझी निम्मी उमर अशी तरंगत गेली. पुढे त्या मोठ्या विद्यापीठाने मुख्य कोच म्हणून बोलावलं. तिथे वरच्या रांगेतली माणसं ढगात बसल्यासारखी दिसायची. आम्ही हरत गेलो, आणि वसंतात त्यांनी फार प्रेमाने हात हातात घेऊन मला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी तू रुबार्बच्या आंबट देठांचा केक घेऊन दारात उभी. "आधी खा," एवढंच म्हणालीस.

त्यानंतर हे नदीकाठचं छोटं कॉलेज मिळालं. इथे माझं चांगलं चाललं होतं. मग गेल्या वर्षी तू क्रिस्टाला माझ्याकडे सोपवलंस. पहिल्या सरावात तिने हात उचलला आणि मी शिट्टी वाजवायची विसरले. जॅनेल, तेच मनगट! दर सामन्याला तू चार तास गाडी चालवत येतेस ते का, हे मला कुणी सांगायला नको.

सोमवारी सराव संपल्यावर ती थांबली. खूप वेळ बुटाच्या नाडीशी खेळत राहिली, मग म्हणाली, "कोच, चेंडू आत गेला की मला काहीच वाटत नाही. जे वाटतं ते सगळं आईलाच वाटतं." इथे एक म्हातारे प्राध्यापक रेल्वेच्या रुळांच्या कडेच्या जुन्या माळरानातून रानगवताचं बी गोळा करतात. शरदापासून ती त्यांच्याबरोबर जाते. त्या गवतांची नावं सांगताना तिचा चेहरा कसा उजळला, ते तू बघायला हवं होतंस. मी तिला समजावलं, विचार कर म्हटलं, थोडी रागावलेसुद्धा. मग एकदा नेम धरून दाखव म्हटलं. तिने दाखवला, चेंडू कड्याला न शिवता आत गेला. तिने तो उचलला, आणि शेजारणीचं उसनं भांडं परत करावं तसा माझ्या हातात ठेवला.

तुला सांगायचं तिला धाडस होत नाही. फोनवर तुझा आवाज ऐकून मलाही झालं नसतं, म्हणून हे लिहिते आहे. ती कॉलेज सोडत नाही, फक्त खेळ सोडते आहे, आणि मी हो म्हटलंय. शनिवारच्या सामन्यात ती नसेल. तरी तू ये. तिसऱ्या रांगेत ती तुझ्यासाठी जागा धरून बसणार आहे. आई शेजारी बसलीय आणि दोघी मिळून सामना बघतोय, असं तिच्या आयुष्यात अजून एकदाही घडलेलं नाही. काही विचारू नकोस. बस तिच्याजवळ.

तुझीच,
मार्लिस