आठ हजारांवर अडलेली गाडी

२ सप्टेंबर २००३, मंगळवार

जाहिरातीतली किंमत आणि गाडीची किंमत या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, हे आज वयाच्या साठीत कळलं!

वाकडेवाडीच्या शोरूममध्ये गेलो होतो. काचेच्या आत ती छोटी गाडी, निळी, फिरत्या चबुतऱ्यावर. विकणारा मुलगा चुणचुणीत — इंद्रजीत नाव, गळ्यात टाय, प्रत्येक वाक्याला 'सर'. मी पेपरातलं कात्रण पुढे केलं. तो म्हणाला, "सर, ही एक्स-शोरूम झाली. ऑन रोड वेगळी." म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर जास्त पैसे. मग बाकीचे लोक काय दिवाणखान्यात चालवतात?

त्याने कागदावर बेरीज मांडली. टॅक्स, विमा — समजलं. त्याखाली 'हँडलिंग चार्जेस'. त्याखाली चटया, सीट कव्हर आणि मडफ्लॅप यांचं पॅकेज, तेही सक्तीचं. मी विचारलं, हँडलिंग म्हणजे काय? "सर, गाडी गोडाऊनमधून इथे आणतो ना, त्याचे." भाजीवाला मार्केट यार्डातून मेथी आणल्याचे पैसे वेगळे मागतो का? खडकीच्या फॅक्टरीत खरेदी विभागात माझी उभी हयात गेली. खिळ्यापासून लेथपर्यंत सगळं सरकारसाठी घेतलं, पण असला पुरवठादार पाहिला नाही. डोकं सुन्न झालं.

घरी आल्या आल्या तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं, "आली का गाडी?" जणू मी ती पिशवीत घालून आणणार होतो.

३ सप्टेंबर

तात्यांचं एकच म्हणणं. दसऱ्याला, म्हणजे आपल्या अशोक विजयादशमीला, देहूरोडच्या विहारात जायचं आणि घरच्या गाडीतून जायचं. चोपन्न साली तिथे बुद्धमूर्ती बसली तेव्हा ते खडकीहून चालत गेले होते. नंतर बसने गेले, लोकलने गेले, एकदा तर ट्रकच्या मागच्या बाजूला बसून. आता वय ब्याऐंशी. "एकदा गाडीतनं जायाचं हाय मला. उतरायचं, आन् दार लावायचं धाडकन."

चैताली म्हणते, "बाबा, मी लोन काढते, उद्या आणू." हिंजवडीला नोकरी लागल्यापासून माझ्या मुलीला सगळं उद्या हवं असतं. मी सांगितलं, गाडी माझ्या फंडातून येईल आणि रास्त भावात येईल. हँडलिंगचा एक पैसा देणार नाही.

५ सप्टेंबर

तीन शोरूमना चौकशीपत्रं पाठवली. मोहोरबंद पाकिटात दरपत्रक द्यावे, मुदत सोमवार दुपारी तीन, उशिरा आलेली पाकिटे उघडली जाणार नाहीत. रीतसर.

चैतालीने पत्र वाचलं आणि सोफ्यावर आडवी झाली. "बाबा, तुम्ही कारसाठी टेंडर काढलंत?" मग काय काढायचं असतं? आरती?

८ सप्टेंबर, सोमवार

तीन वाजता बाहेरच्या खोलीत दरपत्रकं उघडली. समिती — मी, सौ. विजयमाला आणि तात्या. पाकीट एकच आलं! एका शोरूमने कळवलंच नाही. दुसऱ्याकडून फोन आला, "काका, हे नक्की कशाबद्दल आहे?" इंद्रजीत मात्र स्वतः येऊन पाकीट देऊन गेला. मोहोर नव्हती, स्टेपल होतं. चालवून घेतलं. आत तीच परवाची किंमत, खाली 'शुभेच्छांसह'. शुभेच्छांचे पैसे लावले नाहीत हे नशीब.

नियम असा, की एकच दरपत्रक आलं तर निविदा रद्द. मी तसं जाहीर केलं. तात्या दचकले. "रद्द म्हंजे? गाडीच रद्द?" विजयमाला म्हणाली, "आता चहा टाकू, का त्यालाही तिघांच्या सह्या लागतील?"

११ सप्टेंबर, गुरुवार

आजपासून पितृपक्ष. पेपरातल्या गाड्यांच्या जाहिराती गायब. दाढी करता करता एकदम लक्षात आलं — अरे, खरेदीचा मोसम तर आता आहे! या पंधरवड्यात पुण्यात कोणी सुईसुद्धा नवीन घेत नाही. आपल्या घराने ते सगळं छप्पन्न सालीच सोडलं. मग आपण कशाला थांबायचं? अर्धी दाढी तशीच ठेवून विजयमालाला सांगायला गेलो.

शोरूममध्ये चिटपाखरू नव्हतं. चबुतरासुद्धा फिरायचा थांबलेला. इंद्रजीत म्हणाला, "काका, काही राहिलं का?" — 'सर'चा 'काका' झालाय, हरकत नाही. म्हटलं, गाडी घ्यायची आहे. "आत्ता? काका, आत्ता पितृपक्ष..."

"आमच्यात नसतो."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या कागदावरच्या आडनावाकडे. रणपिसे. असला क्षण मी नोकरीत पुष्कळदा पाहिलाय. त्यानंतर माणूस एक तर चहा मागवतो, नाहीतर घड्याळ बघतो. इंद्रजीतने चहा मागवला. वर म्हणाला, "बरं झालं काका, या महिन्यात अजून एकही गाडी गेली नाही माझी." आणि मॅनेजरला उठवायला आत गेला. खरोखरच उठवायला!

चटया, कव्हर, मडफ्लॅपचं पॅकेज तासाभरात सुटलं. परवापर्यंत सक्तीचं होतं ना? मी आ वासून बघत राहिलो.

१४ सप्टेंबर

विमा बाहेरून घेतला तरी चालेल म्हणाले. हेही मिळालं! दर दोन दिवसांनी जातो आणि काहीतरी सोडवून आणतो. तात्या दारातच विचारतात, "ठरली का?"

१७ सप्टेंबर

अडलं. आठ हजारांवर अडलं.

हँडलिंग अर्ध्यावर आणलं, पण उरलेले आठ हजार मॅनेजर सोडायला तयार नाही. मी म्हटलं, हाताळणी कोणी केली त्याचं नाव सांगा, मी त्याच्या हातात पैसे देतो. इंद्रजीत खाली मान घालून हसला. मॅनेजर हसला नाही. "साहेब, इतकी सूट मी माझ्या मेव्हण्यालासुद्धा दिली नाही." मी उठून आलो. शोरूमच्या पायऱ्या उतरताना वाटलं, मागून हाक मारतील. नाही मारली! रिक्षातळापर्यंत मुद्दाम हळू चाललो.

तात्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"दुकान कुठं हाय त्यांचं?"

"वाकडेवाडीला. बस स्टँडच्या अलीकडे."

"आन् आठ हजार दिऊन टाकलं तर?"

"तात्या, प्रश्न आठ हजारांचा नाही. लबाडीचे पैसे आहेत ते. आयुष्यभर सरकारचे वाचवले, आणि स्वतःच्या वेळी नमू?"

"न्हाई, न्हाई," ते म्हणाले. "बराबर हाय तुझं."

एवढ्या घरात एकटे तेच माझ्या बाजूने आहेत.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

तात्यांच्या पायांना सूज आली आहे. डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. हृदय थकलंय म्हणाले. जिना चढायचा-उतरायचा नाही. आम्ही पहिल्या मजल्यावर. मी दाराशी हळूच विचारलं, दसऱ्याला बाहेर न्यायचंय, चालेल? डॉक्टर म्हणाले, "दसरा लांब आहे. आधी हा आठवडा नीट जाऊ दे."

ते गेल्यावर विजयमाला स्वयंपाकघरातून बोलली, भांडी आपटत नव्हती, म्हणून जास्त लागलं. "अहो, आठ हजारांसाठी म्हाताऱ्या माणसाला तिष्ठत ठेवताय. उद्या काही झालं तर ते आठ हजार काय करणार आहात? फ्रेम करून लावणार?"

ठरवलं, मंगळवारी जायचं, मुकाट्याने पैसे भरायचे आणि गाडी आणायची. हरलो तर हरलो. फार वाईट वाटतंय, ते इथे लिहून ठेवतो, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही.

२२ सप्टेंबर

विजयमालाच्या मावशीकडे शनिवार पेठेत गेलो होतो, दोघंही. चैताली ऑफिसला. तात्यांजवळ शेजारची शालन बसणार होती. परत आलो तर तात्या गाढ झोपलेले. शालन म्हणाली, "काही त्रास नाही दिला." त्यांचा जुना कोट दारामागच्या खुंटीवर असतो तो खुर्चीवर पडला होता. थंडी वाजली असेल. सूज थोडी वाढल्यासारखी वाटते.

२३ सप्टेंबर, मंगळवार

निघणार एवढ्यात फोन. इंद्रजीत! "काका, तुमचं काम झालं. आठ हजार सोडले."

मी विचारलं, सगळे? "सगळे." मॅनेजरने? इतका सरळ? तो जरा थांबला आणि म्हणाला, "काका, तुमच्यापुढे कोण टिकणार?"

फोन ठेवला आणि खोलीच्या मधोमध उभा राहिलो. मग ओरडलो. हो, ओरडलो! विजयमाला पोळी तव्यावर टाकून धावत आली, तिला वाटलं तात्यांना काही झालं. तात्या उशीवर टेकून बसले होते. त्यांना सांगितलं, जिंकलो. त्यांनी माझा हात धरला. "मला ठावं होतं," म्हणाले. पोळी करपली तरी विजयमाला ओरडली नाही. तिच्या हिशेबात हा मोठाच सत्कार.

२५ सप्टेंबर

सर्वपित्री अमावास्या. गाडी घरी आली! नंबर यायचाय, पण गाडी आली. शोरूममध्ये आमच्याशिवाय एकही गिऱ्हाईक नव्हतं. चैतालीने चालवली, मी शेजारी बसून ब्रेक दाबत होतो, माझ्या बाजूला ब्रेक नसताना.

खालच्या मजल्यावरचा वैजनाथ बाहेर आला. गाडी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "आज? अमावास्येला?" मी किंमत सांगितली. त्याचं तोंड उघडं ते उघडंच. मुहूर्ताची गोष्ट पुन्हा काढली नाही.

तात्यांनी खिडकीतून पाहिली. सूज उतरते आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

गेलो! देहूरोडला जाऊन आलो.

डॉक्टरांनी कसंबसं हो म्हटलं. तात्यांना खुर्चीत बसवून मी आणि वैजनाथने जिन्यावरून खाली आणलं. तात्या सगळा वेळ कण्हत होते, "न्हाई रं जमत मला, एक पायरीबी न्हाई जमत." पांढरं धोतर, जुना कोट. पुढच्या सीटवर बसले. निगडी येईपर्यंत दर सिग्नलला शेजारच्या गाडीत कोण आहे ते बघत होते.

विहाराजवळ उतरले. दार लावलं, धाडकन. समाधान झालं नाही. परत उघडलं, परत लावलं. विजयमाला हसता हसता रडायला लागली. मलाही आवरेना, मी टायर बघण्याच्या निमित्ताने खाली वाकलो.

वंदना झाल्यावर ओळखीचे लोक जमले. तात्या प्रत्येकाला म्हणायचे, "ह्याला इचारा, भाव कसा पाडला." मी सांगायचो. आठ हजारांपाशी आलो की ते हात वर करून सगळ्यांना गप्प करायचे, "आता ऐका." तीनदा सांगायला लावलं. तीनही वेळा पहिल्यांदा ऐकल्यासारखे खूश. चैताली म्हणाली, "बाबा, आज तुमचाच सत्कार होता." होताच म्हणायचा.

परत आलो तर वैजनाथ वाट बघत होता. त्यालाही पाडव्याला तीच गाडी घ्यायची आहे. "संपतराव, माझ्यासाठी तुम्हीच बोला." बोलेन की!

८ ऑक्टोबर, बुधवार

वैजनाथला घेऊन शोरूममध्ये गेलो. माझाच भाव मागितला. इंद्रजीत मला एकट्याला बाजूला घेऊन गेला. "काका, सांगणार नाही असा शब्द दिला होता, पण आता इलाज नाही. ते आठ हजार आम्ही सोडले नव्हते. आजोबांनी भरले. एक बाई सोबत होत्या, रिक्षाने आले होते. म्हणाले, 'सारा जलम सरकारसाठी घासाघीस केली त्यानं. पैल्यांदा घरासाठी करतोय. त्याला जिकू द्या.'"

सोबतची बाई म्हणजे शालन. तो जिना ते उतरले आणि परत चढले. वैजनाथला काय सांगितलं आठवत नाही.

घरी आलो. तात्या खुर्चीत बसून वाटच बघत होते.

"वैजनाथला दिली का त्या भावात?"

"नाही दिली, तात्या."

"न्हाईच देणार," ते म्हणाले. "समद्यांना न्हाई जमत ते."