हिचं बरंवाईट माझं

३ डिसेंबर, मांडवगण फराटा

पोचले एकदाची. यवतला मिसळ खाल्ली, चौफुल्याला वळले, भीमेचा पूल ओलांडला आणि मग नुसता ऊस. ऊस, उसाच्या ट्रॉल्या, ट्रॅक्टरांवर बोंबलणारी गाणी. यवतच्या हॉटेलवाल्यानं विचारलं, मॅडम, ड्रायव्हर कुठाय? म्हटलं, तुमच्यासमोर मिसळ खातोय. अर्धं आयुष्य जुन्या गाड्या विकण्यात गेलं, तरी ह्यांना बाई दिसली की आधी ड्रायव्हर आठवतो.

पण गाडी! पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली. १९६९ची अमेरिकन कूपे, दोन दारांची, स्टिअरिंग डावीकडे, बॉनेट एवढं लांब की वर पंगत बसेल. बाहेर गडद हिरवा रंग, आत पांढरं लेदर. मारुतरावांच्या वडिलांनी मुंबईत कुठल्याशा वकिलातीच्या लिलावात घेतली म्हणे. अंगावर ओरखडा नाही, गंजाचा ठिपका नाही. इतकी जपलेली गाडी मी उभ्या जन्मात पाहिली नाही आणि ती ह्या लोकांकडे, ज्यांना पॉलिश म्हणजे खोबरेल वाटतं.

मालक मारुतराव साठीचे, दिसतात नव्वदीचे. एक डोळा पांढरा, तोंडात दात नाही, गालांवर-हातांवर वण, काठीशिवाय पाऊल उचलत नाही. बायको धुरपदाबाई मात्र तुकतुकीत, मला आधी मुलगीच वाटली. ठरलं ते असं: मी गाडी तयार करायची, गिऱ्हाईक आणायचं, तोवर त्यांच्या माडीवर राहायचं, विक्रीत माझा वाटा.

किल्ली देण्याआधी सोहळा झाला. बाईंनी गाडीला आणि मला एकाच करंड्यातलं कुंकू लावलं आणि म्हणायला लावलं, 'हिचं बरंवाईट आता माझं.' हसू दाबत म्हटलं. मारुतराव चक्क रडले. गाडीसाठी रडणारी माणसं, काय बोलायचं!

५ डिसेंबर

न्हावऱ्याच्या रस्त्यावर फिरवून आणली. इंजिनाचा आवाज ऐकून शेतातली माणसं ताठ उभी राहिली. दोन गोष्टी मात्र आहेत. हे धूड जुन्या ड्रम ब्रेकवर लवकर थांबत नाही, पेडलवर दोन्ही पाय रोवावे लागतात. आणि डावीकडे बसून चालवताना ट्रॉलीला ओव्हरटेक करायचं तर समोरचं काही दिसत नाही, अख्खी गाडी बाहेर काढल्यावरच कळतं. हे गिऱ्हाइकाला सांगत नसतात. गिऱ्हाईक चकाकी बघतं.

दार उघडताना माझी अंगठी घासली, चांगला वीतभर ओरखडा उठला. शिव्या घातल्या स्वतःला.

६ डिसेंबर

ओरखडा नाही. भिंग घेऊन पाहिलं, रंग कोरा. माझ्या उजव्या हातावर मात्र कोपरापासून खाली वीतभर चीर. उसाचं पातं लागलं असणार, इथे हवेतही ऊस आहे.

सार्थकचा फोन आला. पुण्यातल्या एका बिल्डरचा मुलगा, अंगाला कष्ट माहीत नाहीत, गाड्या मात्र भराभर घेतो आणि भराभर ठोकतो. फोटो बघूनच पाघळलाय. रविवारी येतोय. असलं गाढव गिऱ्हाईक देव सगळ्यांना देवो.

मारुतराव आज काठी न घेता अंगणात आले. इतक्या दिवसांचं नाटक, दुसरं काय.

८ डिसेंबर

काल वळणावर एका ट्रॉलीतला ऊस डाव्या दिव्यात घुसला, काच फुटली. असला दिवा पुण्यातही मिळत नाही. रात्रभर जीव जळला.

सकाळी दिवा अखंड होता. बाईंना विचारलं, कुणी बसवला, कुठून आणला. त्या भाकरी थापत राहिल्या.

माझ्या डाव्या डोळ्यापुढे धुकं आहे. तोंड धुतलं, थेंब घातले, जात नाही. मारुतराव ओसरीवर पेपर वाचत होते, मोठ्यानं, चष्म्याशिवाय. त्यांचा पांढरा डोळा काळा झालाय.

९ डिसेंबर

गाडी शेडमध्येच ठेवून एसटीनं दौंडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, बुबुळाला तडा गेल्यासारखं दिसतंय, मार लागला होता का? काय सांगू? दिव्याला लागला होता?

तिथेच बाकावर बसलेली असताना पाठीवरून चार नखं ओढली गेली. किंचाळले. सगळे बघायला लागले. परत आले तर गाडीच्या टपावर मांजर. त्याच्या पायांखाली चार रेघा होत्या. मी बघता बघता त्या बुजल्या.

म्हणजे दूर जाऊनही सुटका नाही.

१० डिसेंबर

धुरपदाबाईंना धरून विचारलं. शांतपणे सांगितलं, जसं काही कुकरच्या शिट्ट्या सांगताहेत. गाडी आली तेव्हा सासऱ्यांनी कौतुकानं थोरल्या मुलाला तसं म्हणायला लावलं. त्यानं ती पुलाच्या कठड्यावर घातली. कठडा पडला. गाडीला काही झालं नाही. थोरल्याची छाती मात्र— त्या म्हणाल्या, गोधडीत गोळा करून आणला. मग धाकट्याच्या, म्हणजे मारुतरावांच्या, नशिबी आलं. त्यांनी भीतीनं ती शेडमधून काढलीच नाही, तरी उंदीर होते, पोरं होती, वरून पत्रे पडत होते. 'आमी जबरी केली न्हाई, ताई. तुमी सोताच्या तोंडानं म्हणलाय. हसत म्हणलाय.'

अडाणी समजत होते मी ह्यांना. किल्ली घ्यायला किती घाईनं हात पुढे केला होता!

मी घाबरले आहे. लिहून टाकते, खूप घाबरले आहे.

११ डिसेंबर

एकच वाट आहे. सार्थकनं ते वाक्य म्हणायचं. मारुतरावांनी माझ्या गळ्यात घातलं तसं मी त्याच्या गळ्यात घालीन. वाईट वाटतं का? नाही. असल्या पोराचं कसलं वाईट वाटायचं!

शेडला कुलूप लावून दाराशी बसले. कावळा आला तरी उठते.

रविवार

सार्थक आला. गॉगल, च्युइंगम. मी करंडा पुढे केला, म्हटलं, आधी एवढं म्हण.

तो हसला. अगदी माझ्यासारखा. म्हणाला, असल्या गावठी गोष्टी मला नका सांगू, आधी चालवून बघतो, आवडली तर म्हणेन हवं ते. किल्ली हातातून ओढून घेतली.

धावले. ब्रेकचं ओरडून सांगितलं, ओव्हरटेकचं सांगितलं. काचा वर होत्या. त्यानं हात हलवला.

ओसरीवर बसले आहे. दुसरं काही सुचत नाही म्हणून लिहिते.

मारुतराव शेंगा फोडून खाताहेत. नवे दात. माझ्याकडे बघत नाहीत.

इंजिन ऐकू येतं. कारखान्याच्या रस्त्यानं. वेगात. ट्रॉल्यांची गाणीही तिकडूनच—

धुरपदाबाईंनी माझ्यासाठी गोधडी अंथरली. म्हणाल्या, 'आडव्या व्हा, ताई. उभ्यानं जास्त लागतं.'

तो ओव्हरटेक करतोय. आवाजावरून कळतं. दिसत नाही रे तुला, मागे ये, मागे—

हॉर्न. त्याचा नाही, समोरून. दाब. दोन्ही पायांनी दाब, मूर्खा, दोन्ही—