विजय कोणाचा असो

तीर्थस्वरूप दादास,

खालच्या मजल्याचा वरच्या मजल्याला नमस्कार. तुझी प्रकृती ठणठणीत असणार, कारण रोज सकाळी माझ्या डोक्यावर तुझ्या चपला नेहमीच्याच जोरात वाजतात. इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं तर पक्ष फुटल्यापासून तू माझ्याशी बोलत नाहीस, जिन्यात समोर आलो की भिंतीकडे बघतोस, आणि मला त्याचा फार त्रास होतो. वहिनी आणि आमची ही मात्र रोज त्याच जिन्यात बसून भाजी निवडतात. त्यांच्या पक्षात अजून फूट नाही, म्हणून हे पत्र वहिनीच्या हाती देतो आहे.

तुझी समजूत अशी की मी मास्तरांना सोडून वकीलसाहेबांबरोबर गेलो. दादा, मी गेलो नाही, माझं जाणं झालं. त्या दिवशी सभागृहात दोघांची जुंपली (अध्यक्ष कोण, यावरून, मास्तर म्हणत होते मी, आणि वकीलसाहेबही म्हणत होते मी), तेव्हा मी मागच्या मोरीत गुळण्या करत होतो. घोषणा द्यायच्या तर घसा मोकळा लागतो, हे तुला सांगायला नको. तोंड पुसत बाहेर येतो तर निम्मी मंडळी तावातावाने दाराबाहेर निघालेली. मला वाटलं बैठक आटोपली, चहा बाहेर ठेवला असेल. चहा होताही. पेला तोंडाला लावतोय तोवर कोणीतरी फोटो काढला, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात मी नव्या पक्षाचा संस्थापक सदस्य, पहिल्या रांगेत, हातात चहा. (फोटो चांगला आलाय, ते सोड.)

आता हा नवा पक्ष म्हणजे काय, ते मला अजून नीट कळलेलं नाही. नाव तेच, फक्त आम्ही पुढे ‘मूळ’ लावलं. त्यावर तुमच्या मास्तरांनी ‘खरा’ लावलं. म्हणजे सध्या मूळ पक्ष नवा आहे आणि खरा पक्ष जुना आहे. झेंडाही तोच, आमचा पट्टा आडवा, तुमचा उभा, पण वारा सुटला की काही सांगता येत नाही. पक्ष काढणाऱ्या कैलासवासी आप्पांचा फोटो दोन्ही कार्यालयांत लावलाय, पण आप्पांना विचारायची सोय राहिलेली नाही. मी चुकून दोनदा तुमच्या कार्यालयात जाऊन बसलो. पहिल्यांदा त्यांनी चहा दिला, दुसऱ्यांदा भाषण करायला सांगितलं. मी केलंही, कारण भाषणात बदलायचं असं काही नव्हतंच.

रविवारच्या सभेचं तुझ्या कानावर आलंच असेल, पण लोक पदरचं घालून सांगतात, म्हणून माझ्याकडून ऐक. आमची पहिली जाहीर सभा, मैदान भरलेलं, वकीलसाहेब कडक इस्त्रीत. मी माईक हातात घेतला, छाती भरून श्वास घेतला, मूठ वर केली आणि तोंडातून निघालं, “मास्तरांचा”. पक्ष फुटल्याचं माझ्या तोंडाला कोणी कळवलंच नव्हतं. बरं, माझं एक जाऊ दे. पण अख्ख्या मैदानाने एका दमात “विजय असो” म्हटलं. वकीलसाहेबांनीसुद्धा म्हटलं, मूठ वर करून. (वर गेलेल्या मुठीचं काय करावं ते सुचेना, तेव्हा त्यांनी डोकं खाजवलं.)

सभा संपायच्या आत मला निलंबित केलं. संध्याकाळी मास्तरांची माणसं हार घेऊन दारात हजर, म्हणाली, या निष्ठावंताला आम्हीच तिकडे पेरला होता. हे कळताच वकीलसाहेबांनी निलंबन मागे घेतलं, कारण माणूस कमी होणं परवडत नाही, आणि ती घोषणा उपरोधाने दिली होती असं पत्रक काढलं. आज मी इकडे सरचिटणीस आहे आणि तिकडे निष्ठावंतांचा निमंत्रक. दोन्हीकडचे मला आपला म्हणतात. एक तूच म्हणत नाहीस.

आणखी एक गोष्ट त्या गडबडीत कोणाच्या लक्षात आली नाही. चूक सुधारावी म्हणून मी लगेच “वकीलसाहेबांचा” म्हणून ओरडलो, तर मैदान गप्प. मास्तरांचं नाव सवयीने निघून गेलं होतं, नवं नाव आधी कोणीतरी उचलावं लागतं. लोक एकमेकांची तोंडं बघत बसले. घोषणा देणारा सगळ्यांना दिसतो, पण गर्दीतून ती पहिल्यांदा उचलणारा कोणाला दिसत नाही, आणि तो नसला तर बाकीच्यांची तोंडं उघडत नाहीत. इतकी वर्षं तिसऱ्या रांगेत बसून माझी घोषणा तू उचललीस. मला वाटायचं, माझाच आवाज चांगला आहे.

वहिनीला नमस्कार सांग. (पत्र तीच आणते आहे, तरी सांग.)

तुझा धाकटा भाऊ
(मूळ की खरा, ते तू ठरव.)

ता. क. आताच बातमी आली की दोन्ही पक्ष निवडणूक एकत्र लढणार. तेव्हा आपल्या अबोल्याला काही कारण उरलं नाही.

ता. क. पाकिटासाठी डिंक शोधेपर्यंत युती तुटली. वरचा मजकूर रद्द समजावा. निदान त्यातला युतीचा भाग तरी.

ता. क. खरं सांगायचं ते राहूनच गेलं. पुढच्या सभेला समोर बसायला ये. सभा कोणाची, ते तू सांग; आडवा पट्टा, उभा पट्टा, मला काही फरक पडत नाही. आज दुपारी मी खाली एकटाच सराव करत होतो. “वकीलसाहेबांचा” म्हटलं आणि वरून अगदी बारीक “विजय असो” ऐकू आलं. मी जिन्यात जाऊन वहिनीला विचारलं, तर ती म्हणाली, छे, ते तर मघापासून तोंड मिटून बसलेत. तेव्हा तू नसशीलच. पण असलास, तर एवढंच सांगतो, जरा उशिरा उचललीस. मधे छत आहे, त्यामुळे होत असेल.